मुसफ्फाहून लॉयड

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि माझ्या तोंडून तो आवाज बाहेर पडला. लिफ्ट अडकण्याचं मला विशेष काही नाही. बर दुबईतल्या त्या जुन्या बिल्डिंगची लिफ्ट महिन्यातून दोनदा अडकतेच. पण आत आम्ही सात जण होतो, एक फिलिपिनो मुलगी रडायला लागली होती, दातांच्या डॉक्टरकडे निघालेले एक आजोबा 'या अल्ला' म्हणत खाली बसले होते, आणि इंटरकॉमवरचा माणूस पुन्हा पुन्हा 'विच बिल्डिंग?' एवढंच विचारत होता. मी त्याला बिल्डिंगचं नाव सांगितलं, मजला सांगितला आणि मागे वळून म्हणाले, "घबराइए मत, बस दो मिनट. हम सब साथ में हैं." वाक्य साधंच. पण ते छातीतून आलं, थोडं हसत, शेवटचा शब्द न आपटता अलगद ठेवत. तेरा वर्षांत मी तशी बोलले नव्हते. घरी तर नाहीच. माझा नवरा संजय म्हणतो, तुझा घरातला आवाज म्हणजे मिक्सर. लिफ्ट हलली, दार उघडलं, सगळे पळाले. कोपऱ्यात दोरीनं बांधलेला खोका धरून एक बाई उभी होती, ती तेवढी आतच राहिली. मला न्याहाळत मराठीत म्हणाली, "शुक्रवारी सकाळी दहा वाजता. तुम्हीच ना, मॅडम?"

खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. रेडिओवर दहा वर्षं काढलेल्या माणसाला चेहऱ्यावरून कुणी ओळखत नाही, आणि कार्यक्रम बंद पडला की आवाजावरूनही ओळखायचं थांबतात. आमचं स्टेशन आता नाही. ज्या व्हिलात ते होतं तिथे नर्सरी स्कूल झालंय. शुक्रवारसुद्धा पूर्वीचा राहिला नाही. सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि शुक्रवार अर्धा कामाचा होऊन बसला. त्यामुळे या बाईनं वार आणि वेळ एका दमात सांगितली तेव्हा मला तिला मिठी मारावीशी वाटली. मिठी मारायची तर मध्ये खोका होता. मी तिच्याबरोबर सहाव्या मजल्यावरच्या कार्गोच्या ऑफिसात गेले, तिचा खोका वजन होऊन आत जाईपर्यंत थांबले, आणि तिला खालच्या कॅफेटेरियात कडक चहा प्यायला घेऊन गेले. नाव ॲडेलिन. वसईची. वीस वर्षं इथल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत, शेवटची आठ सुपरवायझर. व्हिसा कॅन्सल झाला होता आणि पुढच्या रविवारी ती कायमची परत चालली होती. "वीस वर्षांचं सामान, मॅडम, आणि फक्त अडतीस किलो भरलं," ती म्हणाली. "एकशे नव्वद दिरहम. म्हणजे चार हजारांच्या वर गेले ना आपले?" मग कपावर बोटं गुंडाळून म्हणाली, "तुमचा प्रोग्रॅम आमच्या लाँड्रीत लागायचा. स्टीम प्रेसच्या आवाजात निम्मं ऐकू यायचं नाही. पण तुम्ही नावं वाचायला घेतली की मी प्रेस बंद करायचे. सुपरवायझर बोंबलायचा, मी म्हणायचे, पाच मिनिट, हबीबी. माझा भाऊ असायचा ना त्यात. मुसफ्फाहून लॉयड."

चहा गरम होता आणि मी तो घटकन गिळला. जीभ भाजली. ॲडेलिन हसून पाण्याची बाटली पुढे करत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की मुसफ्फाचा लॉयड नावाचा कुणी माणूस नाही. तो मी केलेला आहे.

हे सांगायचं तर आमच्या रेडिओची पद्धत सांगावी लागेल. मी आधी नुसती ऐकणारी होते. चौऱ्याण्णव साली लग्न होऊन शारजाला आले तेव्हा संजय सकाळी सहाला निघून रात्री आठला यायचा, आणि मधले चौदा तास मी आणि एक ट्रान्झिस्टर. एरियलला स्वयंपाकाची फॉइल गुंडाळून तो खिडकीच्या गजाला टेकवला की हिंदी गाणी यायची, ओट्यावर आणला की नुसती खरखर. म्हणून मी भाज्या खिडकीत उभी राहून चिरायचे. एका बाईनं एकदा हिंदी कार्यक्रमात चुकून 'अगंबाई' म्हटलं आणि मी सुरी खाली ठेवून रेडिओला कान लावून उभी राहिले. ती पुन्हा काही मराठी बोलली नाही. पण तेवढ्या एका शब्दावर मी आठवडा काढला. पुढे त्याच स्टेशननं शुक्रवारी एक तास मराठीचा करायचं ठरवलं तेव्हा मी लेकीला, रिद्धीला, शेजारणीकडे ठेवून आवाजाची चाचणी द्यायला गेले आणि निवडली गेले. फार जणी आल्याच नव्हत्या, हेही खरं. स्टुडिओ म्हणजे व्हिलाची मागची बेडरूम. भिंतींना गाद्या ठोकलेल्या. माइक सुरू करायच्या आधी एसी बंद करायचा, कारण त्याची घरघर आत यायची. उन्हाळ्यात तीन गाणी झाली की मी घामानं निथळायचे आणि बोलायचे मात्र बागेत बसल्यासारखी. साउंडला तहा होता, इजिप्तचा. मराठीचा एक शब्द त्याला कळायचा नाही. काचेपलीकडून बोट वर करून 'यल्ला', म्हणजे 'चला', म्हणायचा, बस.

मराठी कार्यक्रमाला स्पॉन्सर होता एक सोन्याचा दुकानदार, आणि तो स्वतः शुक्रवारी गाडीत बसून फर्माइशींची नावं मोजायचा. मॅनेजरनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, "शुभ्रा, मिनिमम बारह नाम. बारह से कम हुआ तो शो खलास." बारा नावं. आमच्याकडे फॅक्स यायचे तीन, कधी चार. उरलेली आठ नावं मी गुरुवारी संध्याकाळी मेथी निवडता निवडता करायचे. या कामाचे नियम होते आणि ते मीच बसवले होते. कुटुंबवाल्यांची नावं करायची नाहीत, कारण कुटुंबं एकमेकांना ओळखतात, गणपतीत भेटतात, विचारतात. नावं करायची लेबर कॅम्पमधल्या एकट्या पुरुषांची. मुसफ्फा, रास अल खोर, सोनापूर. त्यांना कोण ओळखतंय, असं माझं गणित होतं. हे वाक्य मी तेव्हा मनात अगदी सहज म्हणायचे. आज लिहिताना हात अडखळतो. बाकीचे आले-गेले, एका शुक्रवारचे पाहुणे. लॉयड तेवढा राहिला. त्याला मी फिटर केलं. त्याच्या खोलीतला बिहारी घोरतो, हे केलं. त्याला घामोळं झालं, मग एका वर्षी कावीळ झाली आणि चार आठवड्यांनी उतरली. फर्माईश नेहमी एकच, जुनं भावगीत, आणि तेही वसईला असलेल्या आईसाठी, जिनं त्याला सायकल शिकवली. तो सणाला घरी जाणार जाणार म्हणायचा आणि त्याला सुट्टी मिळायची नाही. मला तो आवडायचा. संजयपेक्षा जास्त त्याच्याशी बोलायचे मी गुरुवारी, यात काही अतिशयोक्ती नाही. तहाला भाषा कळत नसूनही त्यानं एकदा विचारलं होतं, "हा कोण? याच्या पत्राला तुझा आवाज फार गोड होतो." मी म्हटलं, जुना श्रोता आहे. तो म्हणाला, "नाही. खऱ्या पत्रांना तू अडखळतेस."

"मी फॅक्स पाठवला होता तुम्हाला," ॲडेलिन सांगत होती. "दोन हजार चार. मी नवीन आले होते. हॉटेलच्या ऑफिसातून, मॅनेजर जेवायला गेल्यावर. लॉयड मुसफ्फात फिटर होता. कंपनीशी भांडण झालं, पासपोर्ट कंपनीकडे, हा निघून गेला कॅम्पमधून. मग फोन बंद. त्याला शोधायला म्हणून तर मी ही नोकरी घेतली. लिहिलं होतं, कुणाला माहीत असेल तर कळवा. चार आठवड्यांनी त्याचंच लेटर आलं तुमच्याकडे. मी ऐकलं आणि खाली बसले, मॅडम, ओल्या चादरींवर."

मग मला तो फॅक्स आठवला. इतक्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता. गुळगुळीत, गुंडाळी होणारा कागद, इंग्रजी अक्षरात लिहिलेलं मराठी, आणि त्यात गाणं मागितलेलं नव्हतं. हरवलेल्या माणसाची घोषणा पोलिसांच्या परवानगीशिवाय करायची नाही, असा आमच्याकडे सक्त नियम होता. म्हणून मी तो बाजूला ठेवला. रद्दीत गेला असेल. नाव, गाव आणि धंदा मात्र माझ्या डोक्यात राहून गेलं आणि महिन्याभरानं मेथी निवडताना माझंच म्हणून वर आलं. मला वाटलं, सुचलं. वसई सुचली, फिटर सुचलं. मी स्वतःवर खूश होते, की किती खरं खरं सुचतंय मला.

ॲडेलिन बोलत राहिली. बोलताना ती हसत होती आणि ते मला जास्त लागत होतं. दर शुक्रवारी तिनं कार्यक्रम कॅसेटवर घेतला, गावी जाणाऱ्या बायकांच्या हाती आईला पाठवला. सुट्टीच्या दिवशी फोटो घेऊन मुसफ्फाचे कॅम्प पालथे घातले. स्टेशनवर आली होती तर बाहेरच्या मुलीनं सांगितलं, श्रोत्यांचे पत्ते आम्ही देत नाही. मग एका शुक्रवारी मी म्हटलं, आपला लॉयड आता खोर फक्कानच्या बंदरावर लागलाय. का म्हटलं? आदल्या आठवड्यात आम्ही तिथे सहलीला गेलो होतो आणि कंटेनर उचलणाऱ्या त्या उंच क्रेन माझ्या डोळ्यांसमोर होत्या, एवढंच. "दोन वेळा गेले खोर फक्कानला. पंचवीस दिरहम बसला, तेव्हाचे तीनशे रुपये. गेटवर सिक्युरिटीवाला म्हणायचा, नो लॉयड, सिस्टर, इन्शाल्ला टुमारो. त्या निमित्तानं समुद्र तरी बघून झाला." आणि सायकल. आईनं सायकल शिकवली हे ऐकून ॲडेलिन चक्रावली होती, कारण तिच्या आईला सायकल येत नाही. "पण मम्मा म्हणाली, अगं, मी मागून धरली होती की. चर्चच्या पटांगणात. तू लहान होतीस. आणि कावीळ झाली तेव्हा तर तिनं नऊ दिवस नोव्हेनाची प्रार्थना केली. तुम्ही सांगितलंत बरा झाला, तर तिनं आळीत केळी वाटली."

शेवटी ती कामाचं बोलली. आई ब्याऐंशीची झाली. वडील गेले त्याला सहा वर्षं. लॉयडच्या नावानं मृतांसाठीची मिस्सा सांगावी, वडिलांच्या कबरीवर त्याचं नाव घालावं असं फादर म्हणतात, ॲडेलिनलाही वाटतं, पण आई ऐकत नाही. रेडिओवर बोलत होता माझा मुलगा, मेलेला कसा म्हणू, म्हणते. दर जेवणाला त्याची वाटी बाजूला काढते आणि मग ती मांजराला जाते. "मला फक्त त्याचा शेवटचा पत्ता द्या, मॅडम. त्या पत्रांवर काहीतरी असेल ना. कुठलं ऑफिस, कुठला फॅक्स नंबर. मी रविवारी गेले की परत येणं नाही. जिवंत असेल तर तसं, नसेल तर तसं. पण तिला मी काहीतरी एक सांगायला पाहिजे." मी तिचा नंबर घेतला, तिला माझा पत्ता दिला. मी म्हणाले, "जुनं रेकॉर्ड बघावं लागेल. बघते हं मी." आणि ते त्याच गोड आवाजात म्हणाले.

चार दिवस मी घरात नुसती फिरत होते. मुंबईच्या बँकेची कामं, रिद्धीच्या ड्रेसची शिलाई, सगळं हाताखालून जात होतं आणि मी मात्र कुठल्या तरी गेटवर फोटो घेऊन उभी होते. टॅक्सीत रेडिओ लागलेला असला की बंद करायला सांगायचे. आजकालची मुलं तिथे किती हसतात; कोण खरा फोन करतो आणि कोण केलेला, हे मला दोन वाक्यांत कळतं, आणि कळतं म्हणून आणखी कसंतरी होतं. संजयला सांगितलं. त्यानं मॅचचा आवाज कमी केला, हा त्याच्या परीनं मोठाच मान. म्हणाला, "तेरा वर्षांपूर्वीचं खलास झालेलं उकरतेस कशाला? सांग, पत्ता मिळाला नाही. खोटंही नाही ते. म्हातारीला आशेवर राहू दे ना." मलाही हे पटत होतं, कारण यात मी सुटत होते. रिद्धी सोफ्यावरून लॅपटॉपमधलं डोकं न काढता म्हणाली, "मम्मा, सो यू बेसिकली कॅटफिश्ड अ होल फॅमिली." म्हणजे खोट्या नावानं गंडवलंस. मी चिडले. म्हटलं, तुला काय कळतंय, तेव्हाची पद्धतच होती ती. ती म्हणाली, "ओके. बट शी टुक द बस, मम्मा. ट्वाइस." आणि परत टाइप करायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मला मनापासून वाटत आलं होतं, की मी कॅम्पातल्या एकट्या माणसांना दर शुक्रवारी सोबत दिली. दिली असेलही. पण लॉयड नावाचा एक खराखुरा माणूस या वाळवंटात कुठेतरी पासपोर्टाशिवाय फिरत होता, त्याला शोधायला निघालेल्या एकुलत्या एका माणसाला मी माझ्या सहलीच्या जागी पाठवलं होतं. ते आठवडे ती दुसरीकडे कुठे गेली असती, हे आता कुणाला सांगता येणार आहे?

गुरुवारी मी ॲडेलिनला फोन केला आणि सगळं सांगितलं. फॅक्स, बारा नावं, मेथी, क्रेन. मग तिनं विचारलं, "एक पण लेटर खरं नव्हतं?" मी म्हणाले, "एकही नाही." तिनं फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. आता ती जाईल आणि मी तिच्या शिव्या न ऐकताच सुटेन, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. ॲडेलिन होती. पाणी नको म्हणाली, बसायलाही नको म्हणाली. मॅडम म्हणणं तिनं सोडलं होतं. "मी मम्माला सांगितलं काल," ती म्हणाली. "तिला खरं वाटत नाही. म्हणते, तुला मिस्सा उरकायची घाई झालीय म्हणून तू बनवून सांगतेस. माझ्यावर विश्वास नाही तिचा, तुमच्यावर आहे. तुम्ही सांगा." आणि तिनं मला न विचारता फोन लावला.

स्क्रीनवर आधी एक कपाळ आलं, मग पांढरे केस, मग चष्मा. मी नमस्कार म्हणाले. घरातल्या आवाजात म्हणाले, मुद्दाम; आजींनी कानाला हात लावून विचारलं, "कोण? आवाज नाही येत." ॲडेलिन माझ्याकडे बघत होती. खरं सांगायला मला तोच आवाज काढावा लागणार होता. मी श्वास छातीत घेतला आणि म्हणाले, "नमस्कार आई, मी शुभ्रा." त्या एकदम सरळ बसल्या. "ही तीच," त्या बाजूला कुणाला तरी म्हणाल्या. "बोल, बाय."

"आई, लॉयडची पत्रं मला कधी आली नाहीत. ती मी लिहायचे. घरी बसून, माझ्या मनानं."

"लॉयडची?"

"हो. त्याचं नाव ॲडेलिननं कळवलं होतं. ते माझ्या डोक्यात राहिलं आणि कुठून आलं ते मी विसरले. खोर फक्कान मी लिहिलं. कावीळ मी लिहिली. तो बरा झाला तेही."

स्क्रीन हलत होती म्हणून फोन चालू आहे हे कळत होतं. मी तहाच्या काचेकडे बघावं तशी उगाच भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि सायकल?"

"सायकलपण."

"सायकल मी शिकवली त्याला," त्या म्हणाल्या, जरा रागानंच.

हो म्हणायला काय जात होतं? शब्द अगदी ओठांवर आला होता. "शिकवली असेल, आई," मी म्हणाले. "मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला माफ करा असं म्हणायलाही तोंड नाही माझं."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मी रडत होते आणि ॲडेलिनही, पण एकमेकींकडे न बघता. मग आजी म्हणाल्या, "ॲडेलिन, आल्यावर फादरना भेट. मिस्सा सांग." ॲडेलिन 'हो मम्मा' म्हणाली आणि फोन घ्यायला तिनं हात पुढे केला, पण त्या थांब म्हणाल्या. "बाय, तू त्याचं नाव शेवटचं कधी घेतलंस?"

"कार्यक्रम बंद झाला त्या दिवशी. शेवटच्या शुक्रवारी."

"तारीख सांग."

"मम्मा," ॲडेलिन म्हणाली, "त्या काय सांगतायत कळलं ना तुला? त्यात काही खरं नव्हतं."

"कळलं मला. बहिरी झाले, वेडी नाही झाले. पप्पांच्या कबरीवर त्याचं नाव घालायचं तर खाली तारीख लागते. तुझ्याकडे आहे का दुसरी?"

मी तारीख सांगितली. तीस डिसेंबर, दोन हजार अकरा.

"थांब, पेन घेते," आजी म्हणाल्या. कागद सापडेपर्यंत आम्ही दोघी थांबलो. "हां. आता परत सांग, सावकाश."

मी परत सांगितली, सावकाश.